चित्रोपचाराची उमेदवारी

वैद्यकाचा विद्यार्थी रुग्णशय्येजवळ शिकतो, नवा वकील ज्येष्ठ वकिलाच्या कचेरींत कांहीं काळ उमेदवारी करतो, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. मानसिक व्यथेनें पीडित झालेल्या माणसावर चित्रकलेच्या साह्यानें उपचार करूं पाहणाऱ्यालाही अशीच उमेदवारी करावी लागते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हातीं कुंचला आहे आणि मनांत दया आहे, एवढ्यावर हें काम साधत नाहीं.

या उपचाराला ‘आर्ट थेरपी’ म्हणतात. हें नांव १९४२ सालीं एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानें योजिलें. क्षयानें आजारी असतां आरोग्यधामांत चित्रें काढल्यानें आपल्या मनाला उभारी येते, असा त्याला अनुभव आला. आणि तो मार्ग त्यानें इतर रुग्णांनाही दाखविला. येथें चित्र सुंदर व्हावें असा हेतु नसतो. जें शब्दांत सांगतां येत नाहीं तें कागदावर उतरावें, आणि मग त्याविषयीं बोलतां यावें, हा हेतु असतो.

अमेरिकेंत या विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानें देखरेखीखालीं प्रारंभीं १०० व पुढें ६०० तास प्रत्यक्ष काम करावें, असा दंडक आहे. पहिले कांहीं दिवस तो केवळ पाहतो: बैठक कशी मांडली, कोणतें साहित्य कोणापुढें ठेवलें. ओला रंग हातांतून निसटतो, पेन्सिल ताब्यांत राहते. म्हणून अस्वस्थ रुग्णापुढें काय ठेवावें, हेंही विचारपूर्वक ठरवावें लागतें.

समजा, एका मुलानें सूर्य काळा रंगविला. उतावळा उमेदवार टिपणवहींत ‘खिन्नता’ असें लिहून मोकळा होतो. संध्याकाळीं मार्गदर्शक विचारतो: मुलानें स्वतः काय सांगितलें? पेटींत दुसरे खडू शिल्लक होते काय? कदाचित् पिवळा खडू शेजारच्या मुलाच्या हातांत असेल! चित्रांत काय दिसलें, मूल काय बोललें, आणि तें पाहून उमेदवाराच्या मनांत काय आलें, या तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडावयास शिकविणें हें देखरेखीचें मुख्य काम होय. चुकीचा शिक्का एकदां केसपेपरावर बसला, म्हणजे तो वर्षानुवर्षें मुलाचा पिच्छा पुरवितो.

चित्र ही रुग्णाची खाजगी गोष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला असून, त्याचें छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीवांचून वृत्तपत्रादिकांना देण्यास मनाई केली आहे. म्हणून ‘किती सुरेख!’ असें म्हणून तें चित्र भिंतीवर टांगणें किंवा मोबाइलवरून मित्रांना पाठविणें उमेदवाराला वर्ज्य असतें. तसेंच आपली मुदत केव्हां संपणार, हें त्यानें रुग्णाला पुष्कळ आधीं सांगावयाचें असतें. कारण जीव लावलेल्या माणसाचा अवचित निरोप हा नवा आघात ठरूं शकतो.

भारतांत २०२१ सालीं संलग्न आरोग्य-व्यवसायांविषयीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, आणि त्याच्या अनुसूचींत चित्र व नृत्य यांच्या द्वारें उपचार करणाऱ्यांचा उल्लेख आला. नांव आलें, त्यामागें शिस्तही यावयास हवी. छत्रपती संभाजीनगरांत १९५६ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें ‘घाटी’ रुग्णालय आहे. तेथें मनोविकारांचा विभाग आहे. याच शहरांत शासकीय कला महाविद्यालयही आहे. कलाशाळेंत रुग्ण भेटत नाहींत, आणि रुग्णालयांत कुंचला शिकवीत नाहींत. या दोहोंमधील पूल देखरेखीखालील उमेदवारीनेंच बांधतां येईल.

आपल्या मुलाला अशा उपचारासाठीं नेणाऱ्या पालकांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. आपण कोणाच्या देखरेखीखालीं व किती काळ काम केलें? अवघड प्रसंगीं कोणत्या मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेतां? मुलाचीं चित्रें कोठें ठेवतां? ज्यानें मनापासून उमेदवारी केली आहे, त्याला या प्रश्नांचा राग येत नाहीं.