दारूगोळ्याला वारस कोण?

रेवदंड्याच्या किल्ल्यात सातखणी मनोऱ्यापाशी जुन्या तोफा पडल्या आहेत. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने चौलला वेढा घातला. १७४० मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हा मुलूख घेतला. त्या लढायांत माणसे मेली, घरे जळाली. पण तोफ थंडावली की तिचा अपायही थंडावत असे. आज तिला हात लावला तर हाताला गंज लागतो, एवढेच. विसाव्या शतकातल्या शस्त्रांचे तसे नाही. तह होतो, फौजा घरी जातात आणि शस्त्र बेवारस होऊन मातीत, पाण्यात, आईच्या गर्भात आपले काम करत राहते. मग त्या नुकसानीचा दावा लावायचा कोणावर?

याच किनाऱ्यावर, उत्तरेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, हा पेच एकदा उभा राहिला होता. तिथले शस्त्र विषारी नव्हते, स्फोटक होते. कायद्याची अडचण मात्र हीच होती. बर्कनहेडहून निघालेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. कराचीत त्याच जहाजावर कापसाच्या हजारो गासड्या चढल्या. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी जहाजातून धूर निघाला. बंबवाले पाणी मारत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, शेकडो नागरिक गेले, सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली.

त्याच वर्षी सरकारने भरपाईचा खास वटहुकूम काढला. लोकांना पैसे मिळण्याची वाट झाली, ही त्याची चांगली बाजू. पण त्यात आणखी एक कलम होते: या वटहुकुमाबाहेर कोणालाही भरपाईचा हक्क नाही, सरकार, पोर्ट ट्रस्ट किंवा महापालिका यांच्यावर दिवाणी न्यायालयात दावा लावता येणार नाही. मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या आयोगाने स्फोटकांच्या वर-खाली कापूस रचण्यावर बोट ठेवले. पण आयोगाचा तो निष्कर्ष हातात घेऊन गोदीतल्या कामगाराची विधवा न्यायालयात जाऊ शकत नव्हती. पैसे मिळाले, विचारण्याचा हक्क गेला.

व्हिएतनामच्या वाट्याला याच्या उलट आले. १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने तिथल्या रानांवर आणि शेतांवर कोट्यवधी लिटर तणनाशके फवारली. त्यांतल्या 'एजंट ऑरेंज'मध्ये डायॉक्सिन हे विष होते. अमेरिकी सैनिकांनी रासायनिक कंपन्यांना न्यायालयात खेचले. १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरची तडजोड झाली. व्हिएतनामी पीडितांचा दावा मात्र न्यूयॉर्कमध्ये न्यायमूर्ती जॅक वाइनस्टाइन यांनी मार्च २००५ मध्ये फेटाळला. पत्रकार त्रान तो न्गा यांनी फ्रान्समध्ये कंपन्यांविरुद्ध लढा दिला. २०२१ मध्ये एव्हरीच्या आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना नकार दिला: कंपन्या अमेरिकी सरकारच्या वतीने वागत होत्या, म्हणून सरकारचे संरक्षण त्यांनाही. इथे प्रश्न विचारता आला, पण हात रिकामे राहिले. एकच फवारा, गणवेशातल्या माणसाला वेगळा न्याय आणि ज्याच्या शेतावर तो पडला त्याला वेगळा. हे मला कधीच पटलेले नाही.

समुद्रात तर वारस शोधणे आणखी कठीण. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्रात सुमारे ४०,००० टन रासायनिक दारूगोळा बुडवला गेला. रासायनिक शस्त्रबंदीचा करार १९९७ पासून लागू आहे. पण १ जानेवारी १९८५ पूर्वी समुद्रात टाकलेली शस्त्रे जाहीर करायची की नाही, हे त्याने त्या त्या देशावर सोडले. डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाजवळ मासेमारांच्या जाळ्यात मस्टर्ड या रासायनिक अस्त्राचे घट्ट गोळे आलेले आहेत. अशी मासळी नष्ट करावी लागते. पण खबर देणाऱ्याला तिची भरपाई सरकार देते. बॉम्ब कोणाचा होता हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नसते.

आपल्याकडे याची बीजे आहेत. १९८६ च्या ओलियम वायू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगावर संपूर्ण दायित्व टाकले. २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्याने अपघातात दोष सिद्ध करण्याची अट काढली. हे तत्त्व शस्त्रांपर्यंत निःसंदिग्धपणे पोहोचले पाहिजे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ मुदत संपलेला दारूगोळा निकामी करताना सहा जण मेले. तिथे युद्ध नव्हते, फक्त त्याचे उरलेले सामान होते.

म्हणून मागणी दुहेरी हवी: १९४४ सारखी तातडीची भरपाई, पण न्यायालयाचे दार उघडे ठेवून. रेवदंड्याच्या कोळ्याच्या डोल जाळ्यात मासळीबरोबर असा गोळा कधी येऊ नये. आलाच, तर जाळ्यात काय आले एवढेच त्याने बंदरावर सांगावे. ते कोणाचे, हे शोधणे सरकारचे काम.