तुफान सेना : कुंडलची फौज

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या हिंदी पलटणींचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला सरकारी दप्तरांची साथ असते. कुठली तुकडी कुठल्या दिवशी कुठल्या आघाडीवर होती, कोण जखमी झाले, कोण परतले नाही, हे बहुतेक कागदावर सापडते. त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यात एक फौज उभी राहिली. तिचे दप्तर कुणी ठेवले नाही आणि ठेवणे शक्यही नव्हते, कारण असा कागद पोलिसांच्या हाती लागला असता तर गावेच्या गावे पकडली गेली असती. ती फौज म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर चाललेल्या भूमिगत प्रतिसरकारची तुफान सेना.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव हे तालुके त्यातच मोडत. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र ही गावे नकाशावर एकमेकांपासून फार दूर नाहीत. कृष्णाकाठच्या याच टापूत या फौजेचा जीव होता.

सुरुवात झाली ती मोर्चांनी. 1942 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे शेतकऱ्यांचे निःशस्त्र मोर्चे कचेऱ्यांवर गेले. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला आणखी दोघे पडले. तिरंगा घेऊन निघालेल्या माणसांना गोळी मिळते, हे पाहिल्यावर बरीच तरुण मंडळी भूमिगत झाली आणि 1943 मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे सशस्त्र दल म्हणजे तुफान सेना. तिच्या म्होरक्यांत होते फील्ड मार्शल जी. डी. बापू लाड, कॅप्टन रामचंद्र लाड म्हणजे सगळ्यांचे कॅप्टन भाऊ, आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी. तिघांचाही जन्म 1922 चा. ज्या वयात पोराच्या लग्नाचे बघायला सुरुवात होते, त्या वयात ही पोरे साम्राज्याशी लढायची योजना आखत होती.

7 जून 1943. पुणे-मिरज गाडी कर्मचाऱ्यांच्या पगाराची रक्कम घेऊन निघाली होती. शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून गाडी थांबवली गेली. गाडी थांबताच मागच्या बाजूलाही दगड टाकले गेले, म्हणजे ड्रायव्हरला उलट जायची सोय उरली नाही. हातात विळे, काठ्या आणि थोडे गावठी बॉम्ब. बंदूक होती ती गाडीच्या रक्षकाकडे, पण अंगावर आलेला जमाव पाहून त्याला ती चालवता आली नाही. बापूंनी आपल्या आत्मकथनात मिळालेली रक्कम नोंदवली आहे : 19,175 रुपये. या घटनेला लूट म्हटलेले कॅप्टन भाऊंना शेवटपर्यंत आवडत नसे. इंग्रजांनी आमच्याच माणसांचा पैसा चोरला होता, आम्ही तो परत आणला, असे ते बजावून सांगत. मला त्यांचे म्हणणे पटते. शस्त्रे, भूमिगतांचा खर्च, गोरगरिबांना मदत, यासाठीच तो पैसा होता. पुढे 14 एप्रिल 1944 रोजी खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना ताब्यात घेतला गेला, तो साडेपाच लाखांच्या घरातला. त्या कामात उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील या खानदेशच्या दांपत्याची साथ होती.

बायकांचा वाटा सांगताना सहसा ‘भाकरी पोचवल्या’ एवढ्यावर थांबले जाते. हौसाताई पाटील या नाना पाटलांच्या कन्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांना ‘भाऊ’ झालेला एक साथीदार बेदम मारतो आहे, असे नाटक रचले गेले. मार मात्र खराच बसत होता. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात इतरांनी आतल्या बंदुका पळवल्या. असल्या कामाला केवळ धाडस पुरत नाही, आपल्या माणसांवर पूर्ण भरवसा लागतो.

प्रतिसरकारने शेकडो गावांत न्यायदान मंडळे चालवली. सावकारी, जमिनीचे तंटे, दारू, बायकांचा छळ अशी प्रकरणे गावातच निकाली निघत. बिनखर्चाचे गांधी विवाह लागत. खुद्द बापूंचे लग्नही 1945 मध्ये कुंडलला याच पद्धतीने झाले. मंडळाचा निकाल अमलात आणायचा तो तुफान सैनिकांनी. यात कठोरपणा होता, आणि तो लपवू नये. खबऱ्यांना, दरोडेखोरांना, गुंड सावकारांना तळपायावर मार बसे. अशा शिक्षेत चुकीचा माणूस भरडला जाण्याचा धोका असतोच. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. गावाने तोंड उघडले असते तर ही फौज आठवडाभरही टिकली नसती. ती तीन वर्षे टिकली.

शेवटच्या टप्प्यात आझाद हिंद सेनेतले सैनिक इथे प्रशिक्षण द्यायला आले. 25 फेब्रुवारी 1946 रोजी शिराळा तालुक्यातल्या मणदूरला पोलिसांशी चकमक झाली. त्यात किसन अहीर आणि नानकसिंग हुतात्मा झाले. एक वाळवा भागातला, दुसरा थेट उत्तरेतून आलेला. त्याच वर्षी प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि भूमिगत उजेडात आले.

पुढे नागनाथअण्णांनी वाळव्यात उभारलेल्या साखर कारखान्याला किसन अहीर यांचे नाव दिले. 7 जून 2017 रोजी गोपाळकृष्ण गांधी शेणोलीला आले आणि हयात असलेल्या तुफान सैनिकांचा त्यांनी सन्मान केला. महात्म्याच्या नातवाने शस्त्र उचललेल्या वृद्धांपुढे हात जोडले, ही मला त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. बापू 2011 मध्ये गेले, अण्णा 2012 मध्ये, हौसाताई 2021 मध्ये, कॅप्टन भाऊ 2022 च्या फेब्रुवारीत, शंभरीला काही महिने उरले असताना.

आता साक्षीदार जवळजवळ उरले नाहीत. पण घरोघरच्या पेटाऱ्यांत जुनी वॉरंटे, तुरुंगातली पत्रे, सन्मान निवृत्तिवेतनासाठी केलेले अर्ज, एखादा फोटो असू शकतो. निरोप कुणी पोचवले, कुणाच्या गोठ्यात बंदुका लपल्या, हे नातवंडांनी आजीकडून ऐकलेले असेल. कुंडल, वाळवा, शिराळा, कराड परिसरातल्या वाचकांना विनंती आहे : ते कागद रद्दीत घालू नका, ऐकलेले लिहून काढा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे त्याची एक प्रत द्या.