पेशींना वाट दाखवणारे धागे

यंत्रावर काम करताना हात कापला, मनगटाजवळची नस तुटली, अशी उदाहरणे आपल्या कामगार वस्त्यांना नवी नाहीत. नस म्हणजे येथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. तुटलेली टोके जवळ असतील तर शल्यविशारद ती शिवतात. अंतर जास्त असेल तर बहुधा रुग्णाच्याच पोटरीतील एक मज्जातंतू काढून मध्ये जोडतात. हाताची आशा वाढते, पण पावलाची बाहेरची कड बधिर होते. एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढावे, तसाच हा व्यवहार! हे दुसरे कर्ज टळावे म्हणून चाललेल्या संशोधनापैकी एका तंत्राची ओळख प्रस्तुत लेखात करून देत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, त्यामुळे जडजड परिभाषा वाचकांना सोसावी लागणार नाही.

इमारत बांधताना परांची लागते. ऊती अभियांत्रिकीतही पेशींना आधार देणारी अशी परांची तयार करतात व काम झाले की ती शरीरात विरघळून जावी अशी योजना असते. परंतु नुसता आधार पुरत नाही. मज्जातंतू, स्नायुबंध, हृदयाचा स्नायू यांच्या रचनेला दिशा असते. रॉस हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ साली कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंवर बेडकाच्या गर्भातील पेशी वाढवल्या, तेव्हा त्या तंतूंना धरून लांबट होत गेल्या. धागा सरळ असेल तर पेशीही सरळ जाते. सगळी मेख येथेच आहे.

आता हे धागे कसे काढतात ते पाहू. विरघळणारे प्लास्टिक, उदाहरणार्थ पॉलिकॅप्रोलॅक्टोन, द्रावकात कालवून इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरतात. ते तासाला एखादा मिलिलिटर इतक्या संथ गतीने पुढे ढकलले जाते. सुईला साधारण १० ते ३० हजार व्होल्टचा दाब देतात. समोर १०-२० सेंटिमीटरवर धातूचा पत्रा असतो. विजेच्या ओढीने सुईच्या टोकावरचा थेंब शंकूसारखा होतो. जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये या शंकूचे गणित मांडले, म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. शंकूच्या टोकातून धार सुटते, चाबकासारखी गरगरत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही बारीक धागा पत्र्यावर पडतो. याला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. अँटन फॉर्महाल्स यांना त्याचे अमेरिकन पेटंट १९३४ सालीच मिळाले होते.

पण गरगरत आलेला धागा पत्र्यावर पडतो तो जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा, गुंतवळ होऊन. त्याला सरळ करण्याची युक्ती म्हणजे पत्र्याऐवजी फिरता पिंप. १० सेंटिमीटर व्यासाचा पिंप मिनिटाला १००० फेरे फिरला तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ५ मीटर धावतो. हा वेग येणाऱ्या धाग्याच्या वेगाशी जुळला पाहिजे. कमी पडला तर वेटोळी पडतात, फार वाढवला तर धागा तुटतो, शिवाय पिंपाभोवतीचा वारा धाग्यांना विस्कटतो. हवेतील दमटपणाही कामात अडथळा आणतो.

दुसरी युक्ती आम्हाला अधिक आवडली. २००३ साली दान ली, यूनान शिया व सहकाऱ्यांनी पत्र्याच्या जागी दोन धातुपट्ट्या ठेवून मध्ये फट सोडली. विजेच्या ओढीने धागे या पट्टीवरून त्या पट्टीवर, दोरीवर धोतरे वाळत घालावीत तसे समांतर ताणले गेले. धाग्यांवरचा समान विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मात्र थर जाड होऊ लागला की तोच भार साचतो आणि शिस्त बिघडते. त्यामुळे जाड चादर हवी तर पिंपाकडेच वळावे लागते.

खरी अडचण पुढेच आहे. धागे जितके शिस्तीत, तितके ते दाटीने बसतात व पेशी वरवरच राहतात, आत शिरत नाहीत. यावर उपाय म्हणून पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचे धागे मुद्दाम मिसळतात आणि नंतर धुऊन टाकतात. मागे पेशींसाठी जागा उरते. परांची किती दिवस टिकावी, हाही हिशेब आहेच. मज्जातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे ३ सेंटिमीटरचे अंतर ओलांडायला महिना तरी हवा. काही पदार्थ थोड्या महिन्यांत जिरतात, तर पॉलिकॅप्रोलॅक्टोनला दोन वर्षे किंवा अधिकही लागू शकतात.

हाताच्या दुखापतीवर इलाज म्हणून असे सरळ धागे लवकरच सर्रास मिळतील असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये, आणि त्यांची वाट पाहत शस्त्रक्रिया तर मुळीच लांबवू नये, कारण मज्जातंतूवाचून स्नायू झिजत जातो. मज्जातंतूवरचे बरेचसे प्रयोग उंदरांच्या पायावर झालेले आहेत. तेथे ओलांडायचे अंतर अनेकदा एक-दीड सेंटिमीटर असते. माणसाच्या हातात ते कित्येकदा त्याच्या चौपट निघते.