विधिमंडळात गुलाबी हाफपँट

22 नोव्हेंबर 1972. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे प्रीमिअर, म्हणजे आपल्या हिशेबाने मुख्यमंत्री, ॲडलेडच्या विधिमंडळात अवतरले ते गुलाबी हाफपँट, पांढरा टी-शर्ट आणि लांब पांढरे मोजे घालून! डॉन डन्स्टन म्हटलं की तिथल्या लोकांना आजही आधी ती हाफपँट आठवते, कायदे नंतर.

जन्म 1926 चा, फिजीतल्या सुवाचा. वकिली शिकले ॲडलेडला, आमदार झाले 1953 मध्ये नॉरवूडमधून. पहिल्यांदा प्रीमिअर झाले 1967 मध्ये, आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत गंमत झाली. गंमत कसली, थट्टाच. त्यांच्या लेबर पक्षाला 52 टक्के मतं पडली, तरी खुर्ची गेली! मतदारसंघांची आखणीच अशी, की खेड्यातलं एक मत शहरातल्या कित्येक मतांना भारी. जागा 19-19, आणि एकुलता एक अपक्ष विरोधकांकडे गेला. 1970 मध्ये परतले ते मात्र 1979 पर्यंत हललेच नाहीत.

त्या काळात काय काय झालं! समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून काढणारं ऑस्ट्रेलियातलं पहिलं राज्य हेच, साल 1975. पुढच्या वर्षी सर डग्लस निकोल्स राज्यपाल झाले. या पदावर बसलेले ते पहिले आदिवासी. रिकामी बाटली परत करा, पैसे घ्या, हा कायदाही याच सरकारचा. मॅसलिनच्या किनाऱ्यावर कपड्यांविना पोहायला परवानगी मिळाली, तीही यांच्याच राजवटीत.

आणि 1976 चा जानेवारी! एका रंगाऱ्याने भाकीत केलं, की 19 तारखेला भूकंप होऊन समुद्राची लाट ॲडलेड गिळणार. काहींनी चक्क शहर सोडलं. डन्स्टन गेले नेमके ग्लेनेलगच्या किनाऱ्यावर, जमलेल्या गर्दीत. लाट काही आली नाही. असा धीर द्यायला पत्रकही पुरलं असतं, पण साध्या पत्रकावर भागवणारा हा गडी नव्हे.

त्याच वर्षी त्यांचं पाककृतींचं पुस्तक आलं. सत्तेवर असताना स्वयंपाकाचं पुस्तक काढणारा पुढारी तेव्हा ऑस्ट्रेलियाला नवाच होता. राजीनामाही नाट्यमय: फेब्रुवारी 1979, प्रकृती ढासळलेली, रुग्णालयातच पत्रकार परिषद आणि अंगात ड्रेसिंग गाऊन.

राजकारण सुटलं, फोडणी सुटली नाही. 1994 मध्ये त्यांनी हॉटेल काढलं, 'डॉन्स टेबल'. कुठे? आपल्या जुन्या मतदारसंघात, नॉरवूडलाच.