लेखांक ७ : तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या

मागील लेखांकात गिअरबॉक्सच्या क्लचमध्ये तबकड्यांची पकड स्प्रिंगच्या दाबाने कशी निर्माण होते आणि चालकाच्या पायाच्या जोराने ती कशी सुटते, याचा विचार झाला. स्प्रिंगच्या जागी विद्युतचुंबक योजला तर पाय, तार किंवा तेलाचा दाब यांपैकी काहीच लागत नाही आणि केवळ वीजप्रवाह सुरू किंवा बंद करून क्लच जोडता-सोडता येतो. मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील काँप्रेसरचा क्लच, ज्याला गॅरेजमध्ये ‘मॅग्नेट क्लच’ म्हणतात, हे या तत्त्वाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली आपल्या मोटारींत वातानुकूलन आणले, तेव्हा काँप्रेसरला क्लच नव्हता; इंजिन चालू असेपर्यंत काँप्रेसरही फिरत राही आणि थंडावा नको असेल तेव्हा गाडी थांबवून पट्टा उतरवून ठेवावा लागे. ही गैरसोय पुढे विद्युतचुंबकीय क्लचने दूर केली.

रचना आणि अभिवाहाचा मार्ग

या क्लचचे मुख्य भाग तीन असतात. पहिला भाग म्हणजे नालकुंतल, अर्थात इनॅमलचा थर दिलेल्या तांब्याच्या तारेची वर्तुळाकार गुंडाळी. ती पोलादी कड्यात बसवून काँप्रेसरच्या पुढच्या तोंडावर पक्की केलेली असते. दुसरा भाग म्हणजे इंजिनच्या पट्ट्याने बेअरिंगवर सतत फिरणारी पुली, आणि तिसरा म्हणजे काँप्रेसरच्या दांड्यावर पानपट्टीसारख्या लवचिक स्प्रिंगांनी टांगलेली पोलादी तबकडी, जिला आर्मेचर म्हणतात. पुलीची सपाट बाजू आणि तबकडी यांच्यात सामान्यतः ०.३ ते ०.६ मिलिमीटरची फट राखलेली असते. गुंडाळीतून प्रवाह जाताच तबकडी ही फट ओलांडून पुलीला चिकटते आणि काँप्रेसर फिरू लागतो. प्रवाह थांबताच स्प्रिंगा तिला मागे ओढतात.

गुंडाळी स्थिर असल्यामुळे तिला वीज पोहोचविण्यासाठी कार्बन-ब्रश लागत नाहीत, परंतु त्या सोयीची किंमत चुंबकीय मार्गात मोजावी लागते. गुंडाळीभोवती निर्माण होणारा चुंबकीय अभिवाह, म्हणजे एखाद्या पृष्ठभागातून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे एकूण परिमाण, स्थिर कड्यातून फिरत्या पुलीत आणि पुलीतून परत कड्यात जाताना दोन अरुंद फटी ओलांडतो, आणि या फटी क्लच जोडलेला असतानाही बुजत नाहीत. हवेतून अभिवाह नेणे लोखंडातून नेण्याच्या मानाने कित्येक पटींनी कठीण असल्यामुळे संपूर्ण मार्गातील विरोधाचा मोठा वाटा या मिलिमीटरच्या अंशांत मोजल्या जाणाऱ्या फटींचाच असतो.

किती ओढ लागते?

काँप्रेसर फिरवण्यासाठी ४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ देणारा जोर, लागतो असे धरले, घर्षणांक ०.२ आणि घर्षण-पृष्ठाची सरासरी त्रिज्या ४५ मिलिमीटर मानली, तर तबकडी सुमारे ४,४०० न्यूटन बलाने, म्हणजे जवळजवळ साडेचारशे किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने दाबून धरावी लागते. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता १ टेस्ला असताना लोखंडाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४० न्यूटन ओढ निर्माण होते आणि ही ओढ तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने १.४ टेस्लाला ती ७८ न्यूटनांवर जाते. त्या हिशेबाने साधारण ५७ चौरस सेंटिमीटर ध्रुवपृष्ठ पुरते. तीव्रता याहून फार वाढवता येत नाही, कारण सुमारे १.६ ते २ टेस्लाच्या दरम्यान सौम्य पोलाद संपृक्त होऊ लागते आणि त्यानंतर प्रवाह वाढवला तरी ओढ त्या मानाने वाढत नाही.

पुलीच्या तोंडावर दिसणाऱ्या केळीच्या आकाराच्या वक्र खाचा याच हिशेबाचा भाग आहेत. खाचांमुळे अभिवाहाला पुलीच्या तोंडातून सरळ जाता येत नाही. तो तबकडीत शिरतो, पुन्हा पुलीत येतो, पुन्हा तबकडीत जातो आणि मग परततो. अशा रीतीने एकच अभिवाह फट दोनदा ओलांडण्याऐवजी चारदा ओलांडतो, प्रत्येक वेळी ओढ निर्माण करतो आणि त्यामुळे तेवढ्याच जोरासाठी निम्मा अभिवाह व पातळ पोलाद पुरते. खाचांच्या मधले अरुंद पूल पुलीच्या मजबुतीसाठी ठेवावे लागतात. ते थोडा अभिवाह चोरतात, पण लवकर संपृक्त होत असल्याने चोरी मर्यादित राहते.

गुंडाळीचे गणित

गुंडाळीचे चुंबकीय बळ अँपिअर-वेढ्यांत, म्हणजे प्रवाह आणि वेढ्यांची संख्या यांच्या गुणाकारात मोजतात. यावरून वेढे दुप्पट केले की बळही दुप्पट होईल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु बॅटरीचे व्होल्टेज ठरलेले असताना तसे घडत नाही. वेढे दुप्पट झाले की तारेची लांबी आणि तिचा रोध दुप्पट होतो, प्रवाह निम्म्यावर येतो आणि गुणाकार होता तेवढाच राहतो. व्होल्टेज आणि वेढ्याची सरासरी लांबी कायम असताना बळ बदलते ते केवळ तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने.

उदाहरणार्थ, वेढ्याचा सरासरी व्यास ८० मिलिमीटर आणि तारेचा व्यास ०.७७ मिलिमीटर असेल, तर १२ व्होल्टवर ४०० वेढ्यांच्या गुंडाळीचा रोध सुमारे ३.७ ओहम भरतो, प्रवाह ३.२५ अँपिअर वाहतो, बळ १,३०० अँपिअर-वेढे मिळते आणि ३९ वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होते. त्याच तारेचे ८०० वेढे दिले, तर बळ १,३०० अँपिअर-वेढेच राहते, खर्च मात्र निम्म्यावर, म्हणजे साडेएकोणीस वॅटवर येतो. त्याबदल्यात तांबे सुमारे ४२० ग्रॅमवरून ८४० ग्रॅम होते, गुंडाळीला दुप्पट जागा लागते आणि प्रवाह पूर्णपणे वाढण्यास लागणारा वेळही दुप्पट होतो. कारण प्रवाहातील बदलाला विरोध करणारी गुंडाळीची प्रवर्तकता वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर रोध केवळ वेढ्यांच्या प्रमाणात. म्हणून तारेची जाडी चुंबकाची ताकद ठरवते आणि वेढ्यांची संख्या त्याची उष्णता, वजन व चपळाई ठरवते.

उष्णता आणि झीज

वरील आकडे २० अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे इंजिनच्या सान्निध्यात गुंडाळी १२० अंशांपर्यंत तापली की रोध ३९ टक्क्यांनी वाढतो, प्रवाह मूळच्या ७२ टक्क्यांवर उतरतो आणि लोखंड संपृक्त नसेल तर ओढ ५२ टक्क्यांवर येते. दुसरीकडे, प्रत्येक जोडणीच्या वेळी तबकडी क्षणभर घसरत असल्याने पृष्ठे झिजतात आणि फट रुंदावते. ढोबळ हिशेबाने ओढ फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे ०.५ मिलिमीटरची फट ०.७ झाली की सुरुवातीची ओढ जवळजवळ निम्मी होते. कधीही न बुजणाऱ्या इतर फटींमुळे प्रत्यक्षातील घट काहीशी सौम्य असते.

या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की एक ओळखीचा दोष दिसतो : विदर्भातील मे महिन्यात सकाळी नीट चालणारा एसी दुपारच्या वाहतूक-कोंडीत बंद पडतो आणि गाडी थंड झाली की पुन्हा सुरू होतो. अशा वेळी अनुभवी मेकॅनिक गुंडाळी बदलण्याआधी फीलर गेजने फट मोजतो आणि ती जास्त आढळल्यास तबकडीमागची एखादी पातळ चकती, म्हणजे शिम, काढून तबकडी पुलीजवळ आणतो. तबकडी चिकटल्यावर फट जवळजवळ नाहीशी होऊन ओढ अनेक पटींनी वाढते. म्हणून असा क्लच जोडला जाण्यास कुरकुरतो, पण एकदा जोडला गेला की सहसा टिकून राहतो.

क्लच सोडतानाही एक काळजी घ्यावी लागते. प्रवाह एकाएकी तोडला, तर गुंडाळीत साठलेली चुंबकीय ऊर्जा बॅटरीच्या अनेक पट व्होल्टेजचा झटका देते आणि रिलेचे संपर्क किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचे भाग त्याने खराब होऊ शकतात. यासाठी गुंडाळीला समांतर डायोड जोडतात. त्यातून प्रवाह फिरत राहून हळूहळू विरतो, मात्र तेवढाच क्लच सुटण्यास उशीर होतो. काही गुंडाळ्यांत उष्णतेने वितळणारा फ्यूजही पुरलेला असतो. काँप्रेसर अडकल्यामुळे क्लच घसरत राहिला, तर पट्टा किंवा बेअरिंग जाण्याआधी तो मंडल तोडतो.

या रचनेतील बहुतेक अडचणी तबकडीला हवेची फट ओलांडून यावे लागते, या एका गोष्टीतून उद्भवतात. फटच लोहचूर्णाने भरून टाकली आणि चुंबकीय क्षेत्रात त्या चुऱ्याच्याच साखळ्या बनून टॉर्क वाहू लागल्या, तर ओलांडण्यासाठी काही उरत नाही. जेकब रॅबिनो यांनी १९४८ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये चुंबकीय कणांच्या क्लचवर केलेले काम आणि १९८० च्या दशकात सुबारूच्या जस्टी या छोट्या मोटारीत त्याच जातीच्या क्लचचा झालेला वापर, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.