सुट्टीच्या चित्रवहीचा विषय

आपल्या घरी कलामहाविद्यालयात शिकणारे नातवंड असेल, तर मे महिन्याच्या आरंभी एक तक्रार आपल्या कानांवर आली असेल: ‘विषयच सुचत नाही.’ सुट्टीत रेखाटनांची एक वही भरून आणा, तिला एक सूत्र असू द्या, एवढीच सूचना बहुधा मिळालेली असते. मुले मग मोठमोठी नावे शोधतात. निसर्ग, काळ, एकाकीपणा. पाचसहा पाने कशीबशी भरतात आणि वही कोपऱ्यात पडते.

यात दोष आळसाचा नसतो. विषयाला काठच नसतो. एकाकीपणा पेन्सिलीने काढता येत नाही. दुपारी खिडकीपाशी ओढून ठेवलेली रिकामी खुर्ची काढता येते. म्हणून विषयाला एक साधी कसोटी लावावी. ती गोष्ट रोज डोळ्यांसमोर येते का, आणि तिची दहा रेखाटने झाल्यावर अकरावे वेगळे निघेल का? ठाण्याचे सुधीर पटवर्धन पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. परंतु चित्रकार म्हणून त्यांना आपले शहर आणि तिथली कष्टकरी माणसे हा विषय अनेक दशके पुरला. नातवंडाला तर एक सुट्टीच भरून काढायची आहे. त्याला पुरेसे विषय आपल्याच खोलीत असतात: औषधांचा डबा, चष्म्याचे घर, काठी टेकवण्याचा कोपरा आणि आपले हात.

हातांपाशी जरा थांबू. म्हातारे हात म्हटले की मुले सुरकुत्या मोजत बसतात. सुरकुत्यांचे चित्र सोपे असते, पाहणाऱ्याला चटकन हळवे करते आणि तितक्याच चटकन विसरले जाते. आपण त्यांना कामातले हात दाखवावेत. मेथी निवडताना, सुईत दोरा ओवताना, गोळ्यांची स्ट्रिप फोडताना बोटे कशी वळतात, कुठे अडतात, अंगठा कोणाच्या मदतीला धावतो, हे पाहण्यासारखे असते. संधिवाताने बोटांच्या टोकांजवळच्या सांध्यांवर आलेल्या गाठीही जशाच्या तशा येऊ द्याव्यात. आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने 1514 साली आपल्या 63 वर्षांच्या आईचे कोळशाने चित्र काढले. त्यानंतर दोनच महिन्यांनी ती गेली. वर आलेली गालांची हाडे, गळ्याच्या ताणलेल्या शिरा, काहीही त्याने सौम्य केले नाही. तरीही त्या चित्रात कीव नाही.

मात्र आपण विषय झालात म्हणून पुतळा होण्याचे कारण नाही. पंधरावीस मिनिटांनंतर पाय हलवावेत, पाणी प्यावे. उठताना आधी क्षणभर ताठ बसून मगच उभे राहावे, कारण बराच वेळ बसून एकदम उठल्यास या वयात भोवळ येऊ शकते. खरे तर झटपट, दोनपाच मिनिटांची रेखाटनेच वहीला अधिक जिवंत करतात. कोळशाचे चित्र पुसले जाऊ नये म्हणून मुले त्यावर फिक्सेटिव्हचा फवारा मारतात. तो बंद खोलीत मुळीच मारू देऊ नये. दमा किंवा फुफ्फुसांचा जुना विकार असणाऱ्यांना त्या वाफेचा त्रास होतो. हे काम घराबाहेर, मोकळ्या हवेत करावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी या वहीत आणखी एक उपयोग दडलेला आहे. एकच हात महिनाभर रोज निरखला की बदल दिसतात: सकाळी मूठ वळत नाही, अंगठीभोवती सूज आहे, मांडीवर स्वस्थ ठेवलेला एकच हात थरथरतो. चित्रावरून निदान करू नये. पण प्रत्येक पानावर दिनांक आणि वेळ लिहिण्याची सवय मुलांना लावावी आणि असे काही दिसल्यास डॉक्टरांना सांगावे.

शेवटचा प्रश्न संमतीचा, आणि तो नाजूक आहे. आजारी माणूस झोपलेला असताना त्याचे रेखाटन करणे मुलांना सोयीचे वाटते, कारण तो हलत नाही. परंतु दात काढून ठेवलेले, नळी लावलेली, अंगावरचे पांघरूण सरकलेले अशा अवस्थेत आपल्याला कोणी पाहावे का, हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाचाच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनी काल होकार दिला असला, तरी आज पुन्हा विचारावे. मान फिरवली तर पेन्सिल खाली ठेवावी. अशा दिवशी मुलांनी त्यांची काठी काढावी, चपला काढाव्यात.

जूनमध्ये वही शिक्षकांसमोर उघडेल, मित्रांच्या हाती जाईल, कदाचित तिची छायाचित्रे मोबाइलवरून फिरतील. त्याआधी एका संध्याकाळी ती आपण नातवंडासह पानापानाने पाहावी. एखादे पान घराबाहेर जाऊ नये असे वाटले तर संकोच न करता सांगावे. ते फाडण्याची गरज नसते. शेजारच्या पानाला कागदी चिकटपट्टीने जोडले तरी पुरते.