राऊटर नाही, पिंग विका

घरगुती नेटवर्किंगच्या कामात पैसा आहे का, असं बरेच जण विचारतात. आहे. पण नुसता राऊटर विकायला गेलात, तर गिऱ्हाईक तुमच्यासमोरच मोबाईलवर ऑनलाइन रेट बघणार. तिथं तुम्ही टिकणार नाही.

आपल्या कोल्हापुरातलं नेहमीचं घर घ्या. हॉलमध्ये फायबरचं कनेक्शन, तिथून वरच्या खोलीतल्या पीसीपर्यंत वायर. पीसीवर सगळं मस्त. पण पोरगं गच्चीखालच्या खोलीत मोबाईलवर बीजीएमआय खेळायला बसलं की गेम अडकतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंती असतील तर बघायलाच नको. घरचे शिव्या देतात केबलवाल्याला.

तुम्ही आधी दोष कुठं आहे ते दाखवा. मोबाईलवरून घरच्याच राऊटरला पिंग करा. पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. वायरवर तो साधारण एक मिलिसेकंद येतो. वायफायवर मध्येच शंभर-दोनशेवर उडाला, तर दोष वायफायचा आहे, केबलवाल्याचा नाही. हे आकडे गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. पुढची अर्धी विक्री तिथंच होते.

स्वस्तातला रिपीटर मात्र गळ्यात मारू नका. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढं बोलतो, त्यामुळं वेग जवळपास निम्मा होतो आणि पिंग वाढतो. रेंजच्या कांड्या फुल्ल दिसतात, गेम तसाच अडकतो, आणि आठ दिवसांत तुम्हाला फुकटचा फेरा.

वर वायर आलेलीच आहे ना? मग तिचा फायदा घ्या. तिथं दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये बसवा. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता बदला (मेन राऊटर 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.2), डीएचसीपी बंद करा आणि वायर वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. पीसीसाठी दुसरा लॅन पोर्ट आहेच. हे न करता तसाच जोडला तर डबल नॅट होतं. ब्राउजिंग चालतं, म्हणून लक्षात येत नाही. पण गेमिंग कन्सोलवर मित्रांशी पार्टी चॅट जुळत नाही आणि फोन तुम्हाला येतो.

गेमसाठी 5 गिगाहर्ट्झ द्या. भिंती त्याला कमी भेदता येतात, पण राऊटर त्याच खोलीत आहे म्हटल्यावर काळजी नाही. 2.4 वर शेजारच्या सगळ्यांची गर्दी असते. तिथं एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. पीसी आणि कन्सोल वायरवरच राहू द्या. वायरच्या आठही तारा क्रिम्प झाल्यात का बघा. चारच असतील तर वेग 100 एमबीपीएसवर अडतो. वायर बाहेरून न्यायची असेल तर आउटडोअरचीच घ्या, आपल्याकडचा पाऊस माहीत आहे तुम्हाला.

बिलात दोन ओळी वेगळ्या ठेवा: सामान आणि काम. सामानावर घासाघीस होऊ द्या, कामावर नाही. कामाच्या ओळीत आधीचा आणि नंतरचा पिंग लिहा. निघताना राऊटरखाली पत्ता, तारीख आणि तुमचा नंबर लिहिलेला स्टिकर लावा; पासवर्ड मात्र घरच्यांच्याच वहीत.